टाकीत क्लोरीन ३ पीपीएम, शेवटच्या निप्पलला शून्य, आणि दर बॅचला तिसऱ्या आठवड्यातच आजारपण : आमच्याकडे काय सापडलं

आधी त्रास काय होता ते सांगतो, म्हणजे ज्याचा वेगळा असेल त्याचा वेळ जायला नको. इंदूरहून देपालपूरकडे जाताना आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, ५००० पक्ष्यांचं, कॉन्ट्रॅक्टवर, पाणी बोअरचं. पहिले बारा-तेरा दिवस सगळं मस्त, आणि मग पंधरा-सोळाव्या दिवसापासून निप्पल लाइनीखालचं, म्हणजे पक्षी ज्याच्या पिना दाबून पाणी पितात त्या पाइपाखालचं, तूस ओलं व्हायला लागतं, बीट पातळ, वजन मागे पडतं, अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी घरघर सुरू आणि रोज दहा-पंधरा पक्षी उचलून बाहेर टाकायचे. सलग चार बॅच हेच. दर वेळी मेलेले पक्षी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेले, पीएममध्ये म्हणजे शवविच्छेदनात दर वेळी एकच, ई. कोलाय हा जंतू, हृदयावर आणि लिव्हरवर पांढरा पापुद्रा. औषध दिलं की चार दिवस बरं वाटायचं, पुढची बॅच आली की पुन्हा तिसरा आठवडा. आई म्हणायला लागली शेडला नजर लागलीये, लिंबू-मिरची बांध. बांधली पण.

पाण्यावर संशय सगळ्यात शेवटी गेला, कारण पाण्यात तर मी क्लोरीन घालतच होतो. रोज सकाळी शिडी लावून टाकीवर चढायचं, ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की वहीत ३ (पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलीग्रॅम) लिहायचं आणि खाली उतरायचं. मधे लसीच्या दिवसांची कोरी जागा सोडली तर चारही बॅचच्या वहीत ३, ३, ३. सुपरवायझर वही बघायचा आणि मान डोलवायचा, मी पण खूश. आता पक्षी काय टाकीवर चढून पाणी पितात का? पितात निप्पलमधून, आणि शेवटचं निप्पल आमच्याकडे टाकीपासून सत्तर मीटर लांब आहे. एवढीशी गोष्ट डोक्यात शिरायला मला आठ महिने लागले. त्या दिवशी शेवटच्या निप्पलखाली ट्यूब धरून पिन दाबत बसलो, दहा मिली पाणी जमवलं, थेंब टाकले, काहीच नाही, पाण्यासारखं पाणी.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, डोस वाढवला. दोन दिवसांनी शेवटच्या निप्पलला पण पिवळा रंग यायला लागला, म्हटलं चला सुटलो, पण पक्षी तसेच. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथेच बरेच जण फसतात. ओटीचा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा पण येतो आणि घाणीला, अमोनियाला चिकटून बसलेल्या क्लोरीनचा पण येतो. चिकटलेला म्हणजे क्लोरामाइन, तो जंतू मारायला अगदीच सुस्त. लगेच दिसलेला रंग मोकळ्याचा आणि थोडा वेळ थांबून गडद होत जाणारा चिकटलेल्याचा असं ढोबळ मानतात, पण सकाळच्या घाईत पाच सेकंदात कोण वाचतंय, आपण ट्यूब ठेवतो, पिल्लांकडे बघतो, परत येऊन रंग बघतो. दवा बाजारातून डीपीडीच्या गोळ्यांचं किट आणलं तेव्हा कळलं. १ नंबरची गोळी टाकली, गुलाबी रंग जेमतेम. त्यातच ३ नंबरची टाकली, एकदम गडद गुलाबी. पहिली गोळी मोकळा क्लोरीन दाखवते, दोन्ही मिळून एकूण दाखवतात, मधला फरक म्हणजे फुकट गेलेला क्लोरीन. आमचा जवळजवळ सगळाच फुकट चालला होता.

कान्ह नदीच्या किंवा एखाद्या गटारनाल्याच्या काठी बोअर असेल त्यांनी तर अमोनिया आधी तपासून घ्या, कारण १ मिलीग्रॅम अमोनिया नायट्रोजन संपवायला ८ ते १० मिलीग्रॅम क्लोरीन लागतो आणि तेवढा घालून झाल्यावर मग कुठे मोकळा क्लोरीन दिसायला लागतो. लोह पण खातं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, लॅबला दिलं होतं पाणी.

आता माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. डीपीडीने कमी दाखवलं म्हणून मी डोस अजून वाढवला, अजून वाढवला, आणि एका सकाळी टाकीच्या पाण्यात गोळी टाकली तर क्षणभर गुलाबी झाक आली आणि डोळ्यादेखत उडून गेली. ट्यूब कोरी. मी म्हटलं शून्य, म्हणजे पावडरच मेलेली आहे, आणि आणखी एक वाटी ओतली. दुपारी मीटर बघितला तर रोज नऊशे लिटर पिणारे पक्षी सहाशेवर आलेले, चोच लावतात आणि मान झटकतात. क्लोरीन फारच जास्त झाला की तो डीपीडीचा रंगच खाऊन टाकतो, म्हणून ट्यूब शून्यासारखी दिसते. तेव्हा रंग येऊन उडाला किंवा पाण्याला नाकात जाणारा वास असूनही ट्यूब कोरी असेल तर तेच पाणी एक भाग आणि आरओचं पाणी नऊ भाग करून परत टेस्ट करा, येईल त्याला दहाने गुणा. मी केलं तेव्हा २० च्या वर गेलं होतं. टाकी रिकामी केली, शेडवरचा पोरगा दिवसभर माझ्याकडे बघून हसत होता.

हिशोब साधा आहे, एकदा भिंतीवर लिहून ठेवा. १००० लिटरला ३ पीपीएम म्हणजे ३ ग्रॅम क्लोरीन. ताजी चांगली ब्लीचिंग पावडर ३२ ते ३४ टक्क्यांची असते, म्हणजे ९-१० ग्रॅम लागली. १० टक्क्यांचं हायपो, म्हणजे पातळ सोडियम हायपोक्लोराइट, असेल तर ३० मिली. एक टक्का डोजर, म्हणजे १०० भाग पाण्यात १ भाग घट्ट द्रावण (स्टॉक) सोडणारं यंत्र, असेल तर स्टॉकच्या बादलीत दर लिटरला ३ मिली हायपो. पाण्यातली घाण जे खाईल ते याच्या वर. पण हे आकडे ताज्या मालाचे. पावडरची गोणी उघडी ठेवली, पत्र्याखाली ठेवली, मे महिना काढला की टक्के घसरतात, आणि हायपो तर उन्हात आणि उकाड्यात अजून लवकर मरतं. मी सियागंजातून पंचवीस किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून आणायचो आणि पंख्याच्या मोटरीशेजारी ठेवायचो, म्हणजे चूक माझीच. आता छोटे डबे, घट्ट झाकण, घरातल्या माळ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि पावडर सरळ टाकीत भुरभुरवू नका, बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा, खाली चुना बसू द्या, फक्त वरची निवळ घ्या. तो चुना लाइनीत गेला की निप्पलच्या पिना गळायला लागतात आणि तूस ओलं होतं. मग आपण पक्ष्यांना जुलाब झाले म्हणून औषध देत बसतो.

पीएचबद्दल सगळे बोलतात पण मोजत कोणी नाही. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो, एक हायपोक्लोरस ॲसिड, तो खरा मारेकरी, आणि दुसरा हायपोक्लोराइट, तो खूपच सुस्त. पीएच ७ ला साधारण तीन चतुर्थांश मारेकरी, ८ ला जेमतेम एक चतुर्थांश, ८.५ ला दहावा हिस्सा. आपल्या माळव्यातल्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड, आमच्या रिपोर्टात हार्डनेस ५४०, पीएच ७.९, त्यात हायपो स्वतःच अल्कली, टाकीत जाऊन ८.२. म्हणजे वहीत लिहिलेल्या ३ मधला कामाचा अर्ध्या पीपीएमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचं माणसांच्या पाण्याबद्दलचं सांगणं पण असंच आहे, पीएच ८ च्या खाली हवा, ३० मिनिटं थांबायचं आणि त्यानंतर ०.५ तरी मोकळा क्लोरीन उरायला हवा. त्यातली तीस मिनिटं पण आपण विसरतो, डोस टाकला की लगेच व्हॉल्व्ह उघडतो.

तर पीएच खाली आणायला मी लिंबूसत्त आणलं, आणि इथे हात जोडून सांगतो. पोराला सांगितलं होतं की सत्त वेगळ्या बादलीत. त्याने विचार केला एकच डोजर आहे तर एकच बादली, आणि हायपोच्या स्टॉकमध्येच ओतलं. मी दारात होतो. बादलीवर हिरवट-पिवळी वाफ आणि तो खोकत खोकत बाहेर, डोळे लाल, बोलता येईना. मोकळ्यावर नेऊन बसवलं, मग डॉक्टरकडे, संध्याकाळपर्यंत ठीक झाला, नशीब शेडचा पडदा वर होता. तो क्लोरीन वायू, हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत बसतो, म्हणजे पिल्लं असतात तिथेच. ॲसिड आणि क्लोरीन स्टॉकमध्ये कधीच एकत्र नाही, घट्ट द्रावणात नाही, त्याच भांड्यात, त्याच मगाने पण नाही. दोन डोजर घ्या, आधी ॲसिड पूर्ण लाइनीच्या पाण्यात मिसळलं की पुढे क्लोरीन. पीएच ६.५ ते ७ पुरे, त्याच्या खूप खाली ओढायचा हव्यास नको.

एवढं सगळं करून पण तिसरा आठवडा आलाच. हां, जोर कमी झाला होता, पण आला. मग एका रविवारी रामबागेत घरी पाटावर बसून चार बॅचच्या वह्या आणि लसीची कार्डं शेजारी शेजारी मांडली, आणि मग दिसलं. वहीतल्या कोऱ्या जागा. चारही बॅचमध्ये बाराव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत क्लोरीनचा रकाना कोरा. चौदाव्या दिवशी गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाची लस पाण्यातून, जिवंत लस, म्हणून ४८ तास आधी क्लोरीन बंद करायचा, बरोबरच आहे ते, नाहीतर लसच मरते. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर, उरलासुरला क्लोरीन मारायला, ते पण बरोबर. पण त्यानंतर? लसीचा ताण म्हणून दोन दिवस व्हिटॅमिन टॉनिक आणि गुळाचं पाणी. दूध, गूळ, व्हिटॅमिन, ब्रूडरची ऊब, क्लोरीन शून्य. दही लावायला याच्यापेक्षा चांगली सोय काय असते सांगा.

उठलो, गाडी काढली, शेडवर गेलो. तेव्हा पाचवी बॅच सतरा दिवसांची होती. लाइनीच्या टोकाचं झाकण काढलं, आत बोट घातलं. बुळबुळीत, शेवाळासारखं नाही, साबणाच्या वडीखाली जो गिळगिळीत थर जमतो ना तसं, करडं-पांढरं, आणि नाकाशी नेलं तर आंबट वास. पाणी सोडलं तर पहिलं बादलीभर पाणी फोडी-फोडींचं आलं. पोरगा वाकून बघत म्हणाला, "भिया, ये तो फटा हुआ दूध है." त्या थरात जंतू सुखाने राहतात, वरून गेलेला क्लोरीन थराचा वरचा पापुद्राच जाळतो, संपतो, आत काही पोचत नाही. आणि दुधाच्या प्रोटीनला चिकटून जो क्लोरीन राहिला तोच ओटीत पिवळा दिसत होता.

आमच्या एका लाइनीत साधारण वीस लिटर पाणी मावतं. मोठे पक्षी ते बघता बघता संपवतात, पण दोन आठवड्यांची पिल्लं हळू पितात, पाणी पाइपात रेंगाळतं, गरम होतं. म्हणून पण तो आठवडा.

आता लसीच्या दिवशी काय करतो ते. क्लोरीन ४८ तास आधी बंद, पण बंद करायच्या आधी लाइन जोरात फ्लश, म्हणजे थर असेल तर आधीच निघावा. लसीचं पाणी पक्ष्यांनी दोन तासांत संपवलं की त्याच संध्याकाळी परत फ्लश, लाइनीच्या दाबाचा रेग्युलेटर फ्लशवर टाकून, दर ३० मीटरला निदान एक मिनिट, आणि टोकाच्या पाइपाखाली काचेचा ग्लास धरून बघायचं, पांढुरकी झाक पूर्ण जाईपर्यंत. २४ तासांनी क्लोरीन सुरू, आणि पहिलं रीडिंग शेवटच्या निप्पलचं. टॉनिक द्यायचंच असेल तर सकाळचे चार तास, मग साध्या पाण्याने लाइन धुऊन क्लोरीन. गूळ बंद केला. एकविसाव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा, बूस्टर, पुन्हा हेच सगळं.

उन्हाळ्यात अजून एक चोर असतो, व्हिटॅमिन सी. पारा चाळिशीच्या वर गेला की आपण सगळे पाण्यात देतो, आणि तो क्लोरीनला जागच्या जागी संपवतो, १ भाग क्लोरीनला साधारण अडीच भाग व्हिटॅमिन सी पुरतं, आपण देतो त्यात ३ पीपीएमचा मागमूस राहत नाही. दोन्ही एकाच वेळी टाकीत घालणं म्हणजे दोन्हीचे पैसे नाल्यात.

बॅच गेल्यावर शेड रिकामं असताना पाइपांसाठी स्टॅबिलाइझ्ड हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो, ५० टक्क्यांचा माल असेल तर १०० लिटर पाण्याला ३ लिटर, लाइन भरून २४ तास ठेवायची, टोकाची हवानळी उघडी ठेवायची कारण आत ऑक्सिजन सुटतो आणि जोड उडू शकतात. मग भरपूर धुवायचं. हातमोजे, चष्मा पाहिजेच, एक थेंब मनगटावर पडला होता, पांढरा डाग आणि रात्रभर चुरचुर. पक्षी आत असताना हे अजिबात करू नका, थर सुटून निप्पल बंद पडतात आणि पक्षी तहानेने जातात.

आता नियमांचं, कारण विचारलं जातं की ३ हा आकडा कोणी ठरवला. माणसांच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२, त्यात मोकळा क्लोरीन निदान ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ६.५ ते ८.५. अमेरिकेत माणसांच्या पाण्यात क्लोरीनची वरची हद्द ४ आणि क्लोरीन डायॉक्साइडची ०.८. पोल्ट्रीवाले शेवटच्या निप्पलला २ ते ४ धरतात तो कामातून आलेला आकडा. मला जास्त पटलं ते युरोपचं, तिथे बायोसाइडच्या कायद्यात, ५२८/२०१२ नंबरचा, मालाचे कामाप्रमाणे प्रकार पाडलेत. जनावरांच्या स्वच्छतेची जंतुनाशकं प्रकार ३, माणसं आणि जनावरं दोघांच्या पिण्याच्या पाण्याची प्रकार ५, आणि एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. आपल्याकडे दुकानात एकाच कॅनवर कोंबडी, गाय आणि फवारणी पंप तिघांचं चित्र असतं. मला एकदा शेड धुवायचा ग्लुटाराल्डिहाइड आणि क्वाटचा (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाचा) कॅन "पाण्यात पण चालतो" म्हणून दिला होता. घरी येऊन लेबल वाचलं, पिण्याच्या पाण्याचा एक शब्द नाही, परत केला. क्वाटचे अंश खाण्याच्या वस्तूंत राहतात म्हणून युरोपने त्यांना हद्द घातलीये, आणि आपण ते रोज पाजायचं? लेबलवर पिण्याच्या पाण्याचा डोस लिहिलेला नसेल तर तो माल पाण्यात जात नाही, एवढा नियम मी स्वतःपुरता केलाय. आणि जंतुनाशक कमी पडलं की पाण्यात ॲन्टिबायोटिक ओतायची सवय पण सोडा, कोलिस्टिनवर तर सरकारने २०१९ मध्येच खाण्याच्या जनावरांसाठी बंदी आणलीये.

गाई-म्हशीवाल्यांचं थोडं वेगळं. माझ्या आत्येभावाकडे म्हशींचा हौद आहे, त्यात शेवाळ येतं म्हणून तो मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, टाकायचा. त्याच हौदावर मेंढपाळ कळप आणतात. मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, बंद करायला लावलं. हौद महिन्यात दोनदा रिकामा करून घासायचा, चुना मारून वाळवायचा, आणि वर सावली करायची, शेवाळ निम्मं तिथेच जातं.

सध्याची बॅच आज एकोणीस दिवसांची आहे. काल संध्याकाळी चारही लाइनींची टोकं मोजली, पीएच ६.८, तीन लाइनींना मोकळा क्लोरीन २ च्या आसपास, तूस कोरडं, काल दोन पक्षी गेले. चौथ्या लाइनीला मात्र अजून ०.५ च येतोय, दोनदा फ्लश करून पण. ती लाइन मधे पंख्याजवळ थोडी झोळ घेते, दोरी सैल झालीये, तिथे पोटात काहीतरी बसून राहत असणार. बॅच उचलली की तेवढा तुकडा कापून बघणार आहे.